नेमणुकीआधीचा सत्कार

११ ऑगस्ट
दिल्लीहून फोन. राज्यपालपदासाठी यांचं नाव चर्चेत आहे म्हणे, होकार कळवा. कोणतं राज्य ते सांगितलं नाई. फोन ठेवून हे खुर्चीत बसले ते उठेच ना. मी म्हटलं, "विधानसभेचं काय? या खेपेले तिकीट तुमचंच आहे." म्हणे, "पाहू." जन्मभर यांचं एकच. पाहू.

१३ ऑगस्ट
बातमी फुटली. सकाळीच जिल्हाध्यक्ष पेढे घेऊन हजर. मागच्या निवडणुकीत बंडखोर उभा करून यांले पाडलं ते यानंच. दुपारी माजी आमदार दादा. त्या बंडखोराच्या गाड्यांत डिझेल याचं. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाईत, पण पेढे एकाच दुकानाचे. दोघांलेही विधानसभेची हीच जागा पाहिजे, हे मधात आहेत म्हणून अडलं. दादा म्हणे, "वहिनी, राजभवनात आमाले चहा पाजजा."

१६ ऑगस्ट
हिंगणीचा सुखदेव आला. यांच्या पहिल्या निवडणुकीपासून सोबत. म्हणे, "साहेब, हे लोक तुमाले हरभऱ्याच्या झाडावर चढवून राह्यले. ऑर्डर आली काय?"
हे म्हणे, "समाजाले मान मिळून राह्यला, नाई कसं म्हणू?"
समाजाचा मान! मंत्रिपदं वाटताना समाज आठवला नाई कोणाले. तेव्हा म्हणे, साहेब समजूतदार आहेत, थांबतील. थांबले.

२० ऑगस्ट
सत्कार. फ्लेक्सवर अध्यक्ष अन् दादा, मधात हे. खाली लिहिलं "महामहिम". हातात कागद नाई अन् महामहिम. फेटा, शाल, श्रीफळ. एकच हार दोघांनी मिळून घातला. अध्यक्ष म्हणे, साहेब आता पक्षापेक्षा मोठे झाले. झालं, हे पाघळले. माइकवर बोलून बसले, "यापुढे मी निवडणूक लढणार नाई." टाळ्या. सगळ्यात जोरात त्या दोघांच्या.
मी पहिल्या रांगेत. शिसारी आली मले. त्यांची नाई, यांची.


२ सप्टें.
राज्यपालांची यादी आली, टीव्हीवर. यांचं नाव नाई. यांनी चॅनल बदलून पाह्यलं, जसं काई दुसऱ्या चॅनलवर दुसरी यादी लागते. दिल्लीचे ते गृहस्थ फोन उचलत नाईत. तोंडाले पानं पुसली सरळ. कालपर्यंत दारात चपला मावत नव्हत्या, आज कुत्रं फिरकलं नाई. रात्री जेवले नाईत. मले वाईट वाटलं, अन् वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला.

५ सप्टें.
सुखदेव परत. "तिकीट मागा साहेब. सत्कारात बोललेलं कोण धरते? गिरडपर्यंत माणसं तयार आहेत."
"शब्द दिला न मी."
शब्द पाळायचं काम या जिल्ह्यात एकट्या यांच्याकडे. सुखदेव चहा न घेता गेला.

९ सप्टें.
संध्याकाळी अध्यक्ष अन् दादा एकाच गाडीतून उतरले. तिकिटासाठी उद्या मुंबईले नाव पाठवायचं आहे, दोघांचं जमत नाई. म्हणून इथं. "साहेब, तुम्ही आता तटस्थ. तुम्ही म्हणाल त्याचं नाव जाईल." लाज नावाची चीज नाई. यांनी मले चहा सांगितला. मी ठेवला नाई.
हे खुर्चीत पुढे सरकले. मग हळूच म्हणे, "माझंच नाव पाठवा."
दोघं एकमेकांकडे पाहून हसले. दादा तर मांडीवर थाप मारून. अन् हे पण हसले! मग काय, "सकाळी येतो, तोवर ठरवून ठेवजा" म्हणून दोघं गेले.
मी विचारलं, "खरं बोलले का गंमत केली?"
"खरं."
"मग हसले काऊन?"
म्हणे, "ते हसले म्हणून."