आठ तलवारींचं पान

८ जानेवारी

आज पुन्हा तेच पान! आठ तलवारी, मधोमध डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई.

शाळेतल्या दिपमालानं हे टॅरोचे पत्ते दिले तेव्हा म्हणाली होती, "भविष्य विचारू नको गं. रोज सकाळी एक पान काढ आणि मनात येईल ते लिही." मनात काय येणार? डोळ्यांचे डॉक्टर येतात. "कडेचं आधी जाईल, मॅडम. मधलं सगळ्यात शेवटी. औषध नाही." तेही किती गोड आवाजात!

९ जानेवारी

पत्त्यांना हात लावला नाही.

१३ जानेवारी

हितेंद्रनं माझ्या स्कूटीची किल्ली कपाटात ठेवून दिली. त्याचं बरोबरच आहे — परवा नशिराबादहून येताना सांजेला गाडी म्हशीच्या अंगावरच घातली असती. पण नवऱ्यानं एकदा विचारायचं तरी! "शाळेत मी सोडत जाईन," एवढंच. मग म्हणाला, "पत्त्यांत बघ की, डोळे कधी नीट होतील ते." चिडून नाही, थकून. ते जास्त लागलं.

पान — चंद्र. दोन कुत्री वर तोंड करून ओरडतायत. किती तरी वेळ बघत बसले, तेव्हा कुठे खाली पाण्यातून वर येणारा खेकडा दिसला. हे पान मी किती वेळा काढलंय! आता असंच होत जाणार.

१६ जानेवारी

डॉक्टरांकडे. "माहेरी कुणाचे डोळे गेले होते का?" नाही म्हटलं. आई तर जाईपर्यंत बिनचष्म्याची सुईत दोरा ओवायची.

शाळेत मुलं वर्गाच्या कडेला हात वर करून बसतात, मला दिसत नाहीत. आज एक जण रडला. बाई मला कधी विचारतच नाहीत म्हणून.

१९ जानेवारी

पाच पेल्यांचं पान. काळा झगा पांघरलेला माणूस, मान खाली, पुढ्यात पेले लवंडलेले. आबाच!

धुळ्याला, माहेरी, दिवेलागण झाली की आबा भिंती धरत घरी यायचे. उंबऱ्याला हमखास ठेचकाळायचे. "झुलाल पिऊन आला!" — गल्लीतली पोरं आबांचं नाव घेऊन ओरडायची. आई हात धरून आत न्यायची. माझ्या लग्नात संध्याकाळी मांडवात वरणाच्या बादलीवर पडले. सासरच्यांनी पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

दिपमालाला सांगितलं. म्हणाली, "जाऊन ये. पान निघालं म्हणून नको, आठवण आली म्हणून जा."

मी काय सांगू जाऊन? की तुमची पोर आंधळी होतेय?

२३ जानेवारी

सकाळच्या बसनं धुळ्याला गेले. संध्याकाळच्या आत परत.

दार उघडं होतं. आबा खाटेवर बसलेले. "कोन शे?" मी समोर उभी, तरी विचारलं! "कामिनी," म्हटलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले — माझ्या बाजूला, जिथं मी नव्हतेच. मग मीच सरकले.

चहा त्यांनीच केला. कपात बोट बुडवून अंदाज घेत ओतला. घराला कसलाच वास नाही. मी नाकानं शोधत होते, खोटं कशाला लिहू.

"डोयाले काय व्हयनं तुले?" हितेंद्रनं फोन करून सांगितलं असणार. म्हटलं, "संध्याकाळी काहीच दिसत नाही, आबा. दिवसाही कमी कमी होतंय."

त्यांची बशी खाली ठेवताना वाजली. "लहानपनपाइन?"

"नाही. लग्नानंतर."

आबा उठून मोरीकडे गेले. भिंत धरत. भर दुपारी.

मी विचारलं नाही. बस चुकेल म्हणून निघाले — बस चुकणार नव्हती.

२४ जानेवारी

पत्ते काढावेसे वाटले नाहीत. दिवसभर ती भिंत डोळ्यांपुढे.

२५ जानेवारी

आबांचा फोन. म्हणाले —

"मी कधीच दारू पिधी नही, बेटा. लोके पेताड म्हनेत, मी म्हनू दिधं. पेताडनी पोर लोके सून करतस. आंधयानी कोन करस?"