क्युसेक, क्युमेक आणि माझी सही

१९ ऑगस्ट, मंगळवार
माझ्या पानात कोणीतरी हात घालतंय. नक्की! आज पेपरात छापून आलं — ‘धरणातून सहा हजार क्युमेक विसर्ग’. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, क्युमेक म्हणजे घनमीटर. पस्तीस पट पाणी! एकोणतीस वर्षं प्रुफं तपासतेय, हे मी सोडीन?

दुपारी नदीकाठच्या सायखेड्याहून जयराम नावाच्या माणसाचा फोन. “म्हटलं, गाव जातंय आता. म्हातारीला उचलून वरच्या मळ्यात नेत व्हतो, पडली. खुबा मोडला. तुमाला काय, छापून मोकळे!” आईचं नाव चतुराबाई. लिहून घेतलं.

२० ऑगस्ट
अथर्व. दुसरं कोण! आमच्या डेस्कवरचा नवा पोरगा; येऊन चार महिने झाले, अजून प्रोबेशनवर. मी सही करून आठला निघते, हा मागे थांबतो. “मॅडम, तुम्ही निघा, पान मी छपाईला सोडतो.” एवढा पुळका कशाला?

काल सुट्टीवरून आला, तर चूक वाचून चेहरा पांढराफटक. नाटकी!

सही केलेलं प्रूफ गठ्ठ्यात असेल. बघायची गरज नाही — मी असली चूक करत नाही.

२१ ऑगस्ट
कॉम्प्युटर विभागातल्या पिंकीकडून पान कोण कधी उघडतं याची नोंद काढून घेतली. मी गेल्यावर अथर्वने माझं पान उघडलंय. आठवड्यामागून आठवडे! सापडला.

२२ ऑगस्ट
संपादकांसमोर उभं केलं. पान उघडत होतास? “हो.” कशाला? माझ्याकडे बघत राहिला, मग खाली मान.

“उद्यापासून येऊ नकोस,” संपादक म्हणाले. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

२३ ऑगस्ट
पिंकीने चहाला हाक मारली नाही. जाताना एवढंच, “मॅडम, नोंद पूर्ण वाचलीत का?” हीसुद्धा त्याला सामील!

२५ ऑगस्ट, सोमवार
वाचली. ‘पतसंस्थेत अपहरण’ — माझ्या नजरेतून सुटलेलं. अथर्वने ‘अपहार’ केलं. असं रोज एक-दोन. चार महिने. फक्त अठराला पान कोणी उघडलं नाही. त्या दिवशी तो रजेवर, नामपूरला.

गठ्ठ्यातून अठराचं प्रूफ काढलं. बातमीदाराने क्युसेकच लिहिलं होतं. त्यावर लाल काट, वर क्युमेक. अक्षर माझं. खाली सही माझी.

संपादक साडेचारला येतात. चार वाजून दहा झाले. प्रूफ त्यांच्या टेबलावर ठेवायचंय; अजून माझ्याच टेबलावर आहे.