नेव्हिलकडे बघ

पोर्ट लिंकन, रविवार

प्रिय शिमे,

फोनवर आईचं नाव काढलं की तू गप्प होतोस, म्हणून लिहितेय. आई आता अंथरुणातून उठत नाही. सूपसुद्धा दोन-चार चमचेच जातं. इंग्रजी पार विसरलीय, आपल्याच भाषेत पुटपुटते. पण एक शब्द तेवढा राहिलाय. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की म्हणते, 'वॉच, वॉच', आणि टाळ्या वाजवते.

गावानं सांगितलं तेवढंच तुला ठाऊक: पोर बुडत होतं आणि ही परकी बाई टाळ्या वाजवत उभी होती. त्यावरून तू शाळेत मारामाऱ्या केल्यास, शेवटी गावच सोडलंस. खरं काय ते आईनं मला बाबा गेल्यावर सांगितलं. आपण दाल्मातियाचा किनारा सोडून इथं ऑस्ट्रेलियात नुकतेच आलो होतो. शेजारच्या डल्सीबाई आपल्या पोराला, नेव्हिलला, घेऊन धक्क्यावर आल्या होत्या. घरी त्यांची धाकटी मुलगी झोपेतून उठली असेल म्हणून त्या घाईनं निघाल्या आणि जाता जाता आईला म्हणाल्या, "वॉच नेव्हिल." म्हणजे, लक्ष ठेव. आईला तो शब्द एवढाच माहीत, की बाबा फुटबॉल 'वॉच' करायला जातात. तिला वाटलं, पोरगं काहीतरी करून दाखवणार आहे, कौतुकानं बघ म्हणतायत. नेव्हिलनं उडी मारली. तिनं टाळ्या वाजवल्या. त्यानं पाण्यातून हात वर केला. तिनं आणखी जोरात वाजवल्या. मग पाणी सपाट झालं, आणि तो कुठून वर येतो याची ती वाट बघत राहिली.

परवा डल्सीबाई आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आई टाळ्या वाजवत होती. काय बघतेय ती, असं त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, त्या शब्दाचंही. त्या आईच्या अंथरुणाशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तिला विचार, उडी कशी होती?"

मी विचारलं. आई म्हणाली, "सरळ. पाय जुळवून. हसत होता गं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डल्सीबाईंनी आईचे दोन्ही हात धरले आणि अंधारून येईपर्यंत सोडले नाहीत.

निघताना त्या दारात थांबल्या. दफनभूमीत नेव्हिलशेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलीय. ती आईला द्यायची म्हणतात. "त्याला शेवटचं तिनं पाहिलं, मी नाही. राहू दे तिला त्याच्याजवळ." मी म्हटलं, भावाला विचारते. थोरला तू आहेस. ज्या गावानं तिला कधी आपलं म्हटलं नाही, त्याच्या मातीत तिला ठेवायचं का, हे तुझ्यावाचून कसं ठरवू? पत्रानं कळवू नकोस. ती आहे तोवर ये, आणि इथं येऊन सांग.

तुझीच,
तोन्का