थाबितच्या मधाचा कसीदा

३ शाबान, सकाळ
थाबित बरा आहे ना? हलीमाचा खोकला थांबला का? इल्हामची मेंदी कधी? आंधळ्या मावशीच्या कमरेचं कसं काय?
ही कसीद्याची सुरुवात, इथे साध्या शब्दांत. चार ओळी एका बैठकीत! कसीदा म्हणजे गंमत नाही. शेकडाभर ओळी, सगळ्यांचा शेवट एकाच यमकावर. आधी खुशाली, मग मुद्दा, शेवटी जबाबाची मागणी. ज्याला पाठवला त्यानंही त्याच यमकात उत्तर द्यायचं. मी मुद्दाम असं अवघड यमक धरलंय की दरीत कुणाला पेलणार नाही.
मुद्दा एका ओळीचा. तो काय, होईलच.

४ शाबान
मुद्दा इथे टिपून ठेवतो. गेल्या ईदेला भर बैठकीत मी धाकट्या भावाच्या, थाबितच्या मधाला ‘साखरेचं पाणी’ म्हणत दोन ओळी जोडल्या. जीपवाल्या मुसइदनं त्या कॅसेटवर भरून गावोगाव वाजवल्या. आता थाबितचा मध कुणी घेत नाही, आणि थाबित माझं नाव घेत नाही. लोक पोट धरून हसले होते, हेही लिहायला हवं.
वीस तारखेला त्याच्या मुलीचं, इल्हामचं लग्न. माझी बायको नूरिया दरीपलीकडे त्याच्या घरी जाऊन निरोप घेऊन आली. थाबित म्हणाला म्हणे, “दादाला सांग वहिनी, ओळीनं लागलेला डाग ओळीनंच जातो. एकच ओळ पाठव, चारचौघांत म्हणता येईल अशी. मग लग्नात माझ्या उजव्या हाताला बस.”
एक ओळ? मी? अख्खा कसीदा देणार!

९ शाबान
खुशाली ३८ ओळी. शेजारी झाले, शेजाऱ्यांचे शेजारी झाले. थाबितच्या काळ्या शेळीवरची ओळ तर अशी उतरली की मीच वाहवा म्हणालो.
नूरिया म्हणाली, “अबू सालिम, ती शेळी कधीच मेली.”
ओळ चांगली आहे. राहू दे.
“आणि मध कधी येणार त्यात?”
मी म्हटलं, चढ चढल्याशिवाय माथा येतो का?

१४ शाबान
६४ ओळी. आज मुद्दा घेणारच होतो, पण मधमाश्यांची खुशाली राहिली होती. मुक्या जिवांना वगळणं बरं नव्हे. गुडघाही दुखतोय.

१७ शाबान
मुद्द्याला बसलो. यमकच शिल्लक नाही! सगळे शब्द खुशालीत खपले. शेवटचा बरा शब्द शेळीच्या शिंगांवर गेला. वापरलेला शब्द पुन्हा घेतला तर लोक हसतील. चारचौघांत हसू झालं, तर माणसानं तोंड कुठे दाखवायचं?

१८ शाबान
मुसइदबरोबर आहे तसा पाठवला. भाऊ आहे, मुद्दा समजून घेईल. अशा यमकापुढे राग टिकतोय कुठला!

१९ शाबान, संध्याकाळ
मुसइद परतला. सगळं घर जमलं होतं म्हणे, पाऊण तास ऐकलं. शेळीपाशी त्याच्या बायकोनं, हलीमानं डोळे पुसले. शेवटी थाबितनं विचारलं, “आणि मधाचं?”
मुसइद म्हणाला, “एवढंच आहे, काका.”
थाबित म्हणाला, “आम्ही सगळे बरे आहोत म्हणावं. शेळी सोडून. जबाब कसा देऊ? दादानं माझ्यापुरता एक शब्दही उरवला नाही.”
आमंत्रण आलं. नूरियाला.

२० शाबान, दुपार
पलीकडे ढोल वाजतायत. नूरिया नवे कपडे घालून गेली. जाताना म्हणाली, “भाकरी टोपलीत आहे. मध संपलाय.” आमच्या घरात मध कायम थाबितकडूनच यायचा. भाकरी कोरडी खाल्ली.
मग एक ओळ आली, बिनयमकाची: थाबित, तुझा मध खरा, माझी जीभ खोटी.
न्यायला माणूस नाही. मुसइद वऱ्हाड घेऊन गेला, अख्खा गाव तिकडे जेवतोय. पायवाट अर्ध्या तासाची, पण हा गुडघा. आणि बिनबोलावता जायचं कोणत्या तोंडानं? गच्चीवर जाऊन तीनदा ओरडून म्हटली. ढोलापुढे माझी मलाच ऐकू आली नाही.
म्हणून इथे लिहून ठेवतो. थाबित, लवकर जबाब पाठव. यमक नसलं तरी चालेल.