हाताने न फिरवलेलं इंजिन

बाबा,

व्हेरिएबल वाल्व टायमिंग नावाचं एक प्रकरण तुम्ही गेल्यावर गाड्यांत आलं. त्यावरून गेला आठवडाभर आपल्या घरात भांडण चाललं होतं. भांडणारी तुमची नात. ती इंजिनिअर झाली आणि सुदामा नगरच्या आपल्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या बरोबरीने काम करते. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधते. ही ड्रॅग नावाची शर्यतही अजबच आहे. वळण नाही, घाट नाही. सरळ पट्टीवर दोन गाड्या उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि पापणी लवेपर्यंत खेळ खलास. तुम्ही म्हणाला असता, "येवढ्यासाठी येवढी झंझट?" मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

तुमच्या वेळी कॅम एकदा खुणेवर बसवला की वाल्व कधी उघडायचा, कधी मिटायचा हे त्या इंजिनाला जन्मभरासाठी ठरून जायचं. आता गाडी चालता चालता कम्प्युटर तो कॅम थोडा पुढेमागे सरकवतो. त्यामुळे तीच गाडी पलासियाच्या गर्दीत न कुरकुरता उभी राहते आणि बायपासला लागली की खेचतेही. माझं म्हणणं, एवढी चांगली सोय आहे तर ठेवावी. पोरगी म्हणते, काढून टाकू, कॅम एका जागी पक्का करू. "अगं आई, ड्रॅगची गाडी काय राजवाड्याच्या बाजारात भाजी आणायला न्यायचीये? सीधा फुल थ्रॉटल. वरच्या आरपीएमला जे टायमिंग चांगलं, ते फिक्स करायचं, बस." मी म्हटलं, सुटताना फायदा होतो, गिअर बदलताना आरपीएम पडतो तेव्हाही होतो. "होतो ना, पण चिमूटभर. आणि हा कॅम मोठा आहे. कम्प्युटरने जास्त सरकवला तर वाल्व जाऊन पिस्टनला भिडेल. फिर बैठे रहो." या शेवटच्या वाक्यावर मी हट्ट सोडला. वाल्व पिस्टनला भिडला की वाकतो आणि इंजिन जातं, हे मी तुमच्याकडूनच शिकलेय.

तुमची कापडाची मिल बंद झाली तेव्हा मी कॉलेजात होते. भोंगा वाजायचा थांबला, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला तुम्ही खाकी पँट घालून ओट्यावर बसलेले. आई चहा ठेवून जाते, चहावर साय धरते, तुम्ही समोर बघताय. "यांचं चित्त ठिकाणावर नाही," आई माझ्या कानाशी म्हणायची. तिकडे नवनव्या गाड्यांच्या शोरूम उघडत होत्या आणि इकडे मिलचा फिटर घरी बसला होता. मग कुणाची तरी बिघडलेली स्कूटर दारात आली, तुम्ही उठलात, शेड टाकलीत, आणि हळूहळू लोक येऊ लागले. मी कॉलेजातून आले की ओढणी खांद्यावर घट्ट बांधून तुमच्याजवळ बसायची. तुम्ही ये म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत.

मी खाल्लेली पहिली बोलणी मात्र अख्ख्या गल्लीने ऐकली. एका मोटरसायकलचं इंजिन तुम्ही बसवलंत, आणि मी उत्साहात येऊन सरळ किक मारायला गेले. "पहले हाथ, फिर पट्टा!" केवढ्याने ओरडलात! मिलमध्ये तुमच्या खात्याचा तो रिवाजच होता. मशीन दुरुस्त झालं की बसवणाऱ्याने एकदा हाताने पूर्ण फिरवायचं. मग जो पट्टा चढवून सुरू करणार, त्याने पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने फिरवायचं. कुठे काही अडत असेल तर हाताला कळतं, आणि तोवर काही मोडलेलं नसतं. मी फुगून म्हटलं, "इथे पट्टा कुठेय?" तुम्ही म्हणालात, "पट्टा नाही तर किक. मी बसवलं म्हणून काय झालं? माझ्यावरही भरवसा नको ठेवू. आपला हात फिरव." त्यानंतर मी बसवलेलं प्रत्येक इंजिन सुरू करण्याआधी तुम्ही हाताने फिरवून बघायचात, कान वाकडा करून, डोळे मिटून. एकदाही ते चुकवलं नाहीत. एकदाही "छान बसवलंस" म्हणाला नाहीत.

आणि मग तो दिवस. पलासियाच्या एका डॉक्टरांची मोटार आपल्याकडे आलेली. शेडमध्ये आलेली पहिली चारचाकी. तिचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. बेल्टचा एक दाता इकडचा तिकडे झाला तर वाल्व वाकणार, आणि डॉक्टरांची गाडी बिघडवलेल्या शेडकडे पुन्हा कोण फिरकणार? नेमकी त्या दिवशी मिलच्या गेटवर कामगारांची मीटिंग. "तू लाव, मी येतो," म्हणून तुम्ही निघून गेलात. मी एकटीने बेल्ट बसवला, फिरवून पाहिला आणि वाट बघत राहिले. तुम्ही परतलात ते चेहरा उतरलेला. मिल आता उघडणार नाही, एवढंच आईला सांगितलंत. मग गाडीपाशी आलात, खिडकीतून हात आत घातलात आणि थेट चावी फिरवलीत. तोंड शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे. इंजिन सुरू झालं, एकसारखं, गोड. मी विचारलं, "बाबा, हाताने नाही फिरवलं?"

"अरे, रह गया," तुम्ही म्हणालात, आणि नळावर हात धुवायला गेलात.

इतकी वर्षं मी ते "रह गया" उराशी घेऊन आहे. कधी वाटायचं, त्या दिवशी तुम्ही मला फिटर मानलंत. मग वाटायचं, छे, गेटवरून आलेल्या माणसाला कसली शुद्ध? तोंडसुद्धा भिंतीकडे होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "विसरले असतील गं, तेव्हा ते जेवायलाही विसरायचे." पुढे दोनेक वर्षांत तुम्ही गेलात आणि विचारायचं राहून गेलं. मला त्याचं वाईट वाटायचं, बाबा. खूप वाईट वाटायचं. माझी गिऱ्हाइकं वाखाणतात, पण ते तुमचं वाखाणणं नव्हे.

काल ते शर्यतीचं इंजिन तयार झालं. कॅम पोरीच्या म्हणण्याप्रमाणे पक्के केलेले. वाल्व आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते हे तिने मातीचा गोळा दाबून पाहिलं होतं, मग हाताने फिरवलं होतं. आता सुरू करणारी मी, म्हणजे फिरवायची पाळी माझी. मी पाना घेऊन पुढे झाले. ती बाजूला उभी, चिंधीला उगाचच हात पुसत, माझ्याकडे न बघता. मी पाना खाली ठेवला आणि सरळ स्टार्टर दाबला. दाबताना मात्र माझ्याने इंजिनाकडे बघवेना. मी मान फिरवली. शेजारची ती भिंत अजून आहे. आता तिच्यावर भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासची जाहिरात रंगवलीय. इंजिन गरजलं तेव्हा मी ती जाहिरात वाचत होते.

"आई! हाताने नाही फिरवलंस? भूल गई क्या?"

"राहिलं गं," मी म्हटलं, आणि नळावर गेले. हात धुता धुता रडू आलं. पाणी सोडून बराच वेळ उभी राहिले.

तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हात सैल सुटेल तिचा, पुढचं इंजिन ती अर्ध्याच मनाने फिरवेल. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि तिच्या हाती मी लागू देणार नाही. तेव्हा तुम्हालाच सांगून टाकते.

बाबा, मी विसरले नव्हते.