बहिरूच्या पुड्या

३ ऑगस्ट १९९९
मी कोंडाजी सखाराम मौले, बी.कॉम., वय चोपन्न, शिक्षणसंस्थेत कार्यालय अधीक्षक, राहणार इंदिरानगर. माझा मेहुणा बहिरू याच्या मूर्खपणाची तारीखवार नोंद राहावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

तीन वर्षे हा मनुष्य गुडघ्यांसाठी तपकिरी चूर्ण खातो आहे. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका लॉजवर दर मंगळवारी वैद्यराज अवतरतात. पदवी नाही, पाटी नाही. पुडीवर फक्त ‘शुद्ध वनस्पती’! धोतराही वनस्पतीच आहे.

५ ऑगस्ट
मळ्यावर गेलो. बहिरूचा चेहरा भाकरीसारखा फुगलेला, हातपाय काड्या. त्याची बायको फुलाबाई कौतुकाने सांगते, “दाजी, औषध लय मानवलं. गालावर कसं तेज आलंय!”
तेज! सूज कशाला म्हणतात हे त्या घरात कोणालाही ठाऊक नाही.
“एक दिस पुडी चुकली तर झेंडू तोडायला उठवत नाय,” बहिरू म्हणाला. म्हणजे व्यसनच. वर हसतो!

१० ऑगस्ट
त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही. म्हणून त्याच्याच खंडोबापुढे बेलभंडार उचलायला लावला— त्या औषधाला पुन्हा शिवणार नाही. असल्या शपथा मला हास्यास्पद वाटतात. परंतु त्याला तेवढीच भाषा कळते. पुड्या मी स्वतः मोरीत ओतल्या.
प्रतिभा म्हणाली, “अहो, माझा भाऊ आहे तो. आधी डॉक्टरांना तरी विचारा.”
विष थांबवायला डॉक्टर कशाला?

१२ ऑगस्ट
उलट्या, चक्कर. ढोंग.

१४ ऑगस्ट
बहिरू झेंडूच्या वाफ्यात कोसळला. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब लागत नव्हता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. वर्षानुवर्षं बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. हे हळूहळू कमी करायचं असतं. एकदम तोडलं तर जीव जातो. कोणी बंद करायला लावलं?”
प्रतिभाने माझ्याकडे पाहिले.
“त्यानेच केले,” मी म्हणालो.

१७ ऑगस्ट
शुद्धीवर आहे. आता इंजेक्शने थांबवून गोळ्या द्यायच्या. द्रव्य तेच, दर आठवड्याला थोडे कमी. बहिरू तोंड उघडेना.
“तेच औषध हाय ना ह्यात? मग नाय. बेलभंडार उचललाय, दाजी.”
बाहेर फुलाबाईने सांगितले— फुलांच्या पाटीखाली आणखी दोन पुड्या होत्या. तो कोसळला त्या सकाळी तिने त्याच्यापुढे धरल्या. “हात नाय लावला. म्हनले, दाजींपुढं शब्द दिलाय.”

१८ ऑगस्ट
सकाळी खंडोबाच्या देवळातून भंडारा आणला. वॉर्डात, डॉक्टरीणबाईंसमोर, तळहातावर बेल आणि तो भंडारा ठेवून म्हणालो : शपथ मी घ्यायला लावली, पुड्या मी फेकल्या. ती मोडल्याचा दोष माझ्यावर येवो.
बहिरूने माझ्या हातावरचा भंडारा कपाळाला लावला. मग गोळी घेतली. “लय कडू हाय, दाजी.”

पहिल्या नोंदीत दुरुस्ती : ‘मूर्खपणाची’ या शब्दापूर्वी बहिरूचे नाव आहे, तेथे माझे वाचावे.

कों. स. मौले
नाशिक, १८ ऑगस्ट १९९९