दिव्याच्या डोळ्यातलं काजळ

मु. मारेगाव, शुक्रवार सकाळ

ती. सुखीआत्याले हिरासिंगचा वाकून नमस्कार. तुह्या गुडघ्याचं कसं काय आहे? काळी शेळी व्यायली का? (खुशी, आजीले हे हळू वाचून दाखवजो, अन् मधात राग आला तं पाणी देजो.) मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे उद्या अकरा वाजता माही नोकरी राह्यते का जाते, याचा फैसला आहे, अन् त्याचं मूळ तुह्या काजळाच्या डबीत आहे.

आमचे ठेकेदार किसनसिंग, त्याईनं इथल्या रस्त्यावरचे जुने दिवे बदलाचं काम घेतलं, हे तुले ठाऊकच आहे. पहिले एक माणूस संध्याकाळी बटन दाबे अन् सकाळी बंद कराले विसरे, म्हणून दिवे दुपारपर्यंत जळत. नव्या दिव्याच्या डोक्यावर काचेचा लहानसा डोळा आहे. त्याले अंधार दिसला का दिवा लागते, ऊन दिसलं का विझते. विसरणारा माणूसच नाही, वीज अर्धी. किसनसिंग म्हणे, "हिऱ्या, काहीबी कर, पण हा डोळा जपजो." मी आठवी नापास, पण जपाचं म्हणजे काय ते मले समजते. पहिल्याच हप्त्यात तीन दिवे फुटले तं मी तुले फोन केलता. तू म्हणाली नजर लागली, अन् डबी धाडली. आता तूच सांग, काजळ डोळ्याले नाही लावाचं तं कुठं लावाचं? अठ्ठेचाळीस खांबावर चढलो अन् अठ्ठेचाळीस डोळ्याले बोटभर काजळ लावलं. (प्रत्येकाचं मनात बरं चिंतलं, हे किसनसिंगले अजून सांगतलं नाही.)

तवापासून दिव्याईले वाटते का रात्रच आहे. दहा दिवस झाले, एक बी विझत नाही. भाजीवाली कौसल्याबाई मी दिसलो का गिऱ्हाइकाले सांगते, ऊन कमी पडलं म्हणून या पोरानं लाइट लावले. परवा नगरपंचायतीच्या साहेबानं मीटर पाह्यलं. नवे दिवे जुन्यापेक्षा जास्त वीज खाऊन राह्यले. शनिवारी अकराले एक बी दिवा जळताना दिसला तं तोंड दाखवू नको, म्हणे. किसनसिंग तवापासून गप आहे, अन् तो गप असला का कोणाची तरी घरी जायाची पिशवी भरली जाते. कालपासून मी घासून राह्यलो. साबण झाला, राख झाली, खोबरेल झालं. जोर दिला तं काच चिरते, नाही दिला तं काजळ हसते. एकतीस निघाले, सतरा राह्यले. त्यात माहा फोन वरून नालीत पडला, म्हणून हे पत्र पुसदच्या गाडीवरच्या धावजी कंडक्टरच्या हाती देतो.

घरच्या मोठ्याईच्या पाया पडतो, लहान्याईचे कान ओढजो.

तुहा भाचा,
हिरासिंग

ता. क. खरं इचाराचं ते राह्यलंच. हे काजळ निघते कायनं? तू त्यात टाकते तरी काय? आजच चिठ्ठी लिहून घे, धावजी उद्या सकाळच्या गाडीनं परत येते.

ता. क. दुसरा. गाडी पंक्चर झाली म्हणून अजून लिहितो. साहेब आजच आले. मी शिडीवर, हातात उतरवलेला दिवा, अन् बाकीचे सोळा भर उन्हात जळून राह्यले. साहेबानं खाली बोलावलं, काळं काय आहे म्हणून इचारलं. खोटं सुचलं नाही, माह्या आत्याचं काजळ म्हटलं. त्याईनं बोटानं घासलं, मंग थुंकी लावून रुमालानं घासलं. मंग हळूच म्हणे, "परवाच्या पाण्यात बी नाही गेलं?" नाही म्हटलं. त्याईच्या नातवाच्या गालावरचा काजळाचा टीका म्हणे आंघोळीपर्यंत टिकत नाही. नोकरीचं इचारलं तं म्हणे, डबी येऊ दे, मंग पाहू.

तवा निघते कायनं ते राहू दे, त्या सतरा काचा मी बदलतो. तू डब्या दोन धाडजो. एक साहेबाले. दुसरी माह्याजवळ राहू दे, या खेपी दिव्याच्या पाठीले लावीन. काजळ लावल्यापासून एक बी दिवा फुटला नाही, हे इथं अजून कोणाच्या ध्यानात आलं नाही.